दहाचा घन की एकशे तीन? वर चढवलेल्या आकड्यांचा धागा

पेठेतलं_डीटीपी
मंडळी नमस्कार. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, क्लासचे पेपर असलं सगळं. गेल्या आठवड्यात जे झालं ते मनाला लागलंय म्हणून लिहितोय.

एका क्लासच्या बाईंनी घातांकाचा पेपर टाइप करायला दिला, वीस मार्कांचा. मी वर्डमध्ये प्रत्येक आकडा सिलेक्ट करून वर चढवला, दोन वेळा तपासला. त्यांना घाई होती म्हणून फाईलऐवजी मजकूर कॉपी करून व्हॉट्सॅपवर टाकला, त्यांनी तिकडून दुसरीकडं पेस्ट करून झेरॉक्स मारल्या. पहिला प्रश्न होता २³ × २⁴, पोरांच्या हातात पडला २३ × २४. एका पोरानं सरळ गुणाकार करून ५५२ लिहिलं, गुणाकार एकदम बरोबर. बाईंच्या उत्तरसूचीत १२८. त्याला शून्य मार्क. पोरगं घरी जाऊन रडलं, वडील दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आले तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या पोराची काहीच चूक नव्हती हो. चूक माझ्या आणि त्याच्या मधल्या वाटेत कुठंतरी झाली.

तर विचारायचं असं की हा वरचा आकडा खाली का पडतो, पडू नये म्हणून काय करायचं, मराठी आकडे असे वर चढवायची सोय आहे का, आणि तुमच्या तुमच्या कामात हे बारके आकडे कुठं कुठं येतात. सगळ्यांनी लिहा, हा धागा पुढं दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडंल.

राजारामपुरी_७वी_गल्ली
दादा, यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरून दिसायला त्या सारख्याच दिसतात म्हणून घोळ होतो.

तुम्ही वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून जो आकडा वर नेता तो मुळात साधा ३ च असतो, त्याला फक्त सांगितलेलं असतं की बारीक हो आणि वर बस. जसं ठळक किंवा तिरकं करतो तसलाच प्रकार. व्हॉट्सॅपला ठळक कळतं, तिरकं कळतं, पण वर बसवणं कळतच नाही, म्हणून पेस्ट केलं की तो आदेश गळून जातो आणि साधा ३ शेजारी येऊन बसतो.

दुसरा प्रकार म्हणजे ² किंवा ³ हे स्वतंत्र अक्षरच आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे कंप्यूटरसाठी जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, त्याला स्वतःचा नंबर आहे. हे कॉपी केलं तरी वरच राहतं, कारण ते 'वर ठेवलेलं दोन' नसून अक्षरच तसं आहे. आत्ता मी इथं लिहितोय ते तेच. कंप्यूटरवर विंडोज असेल तर आल्ट दाबून ०१७८ मारा, ² येतो, ०१७९ ला ³ येतो, ०१८५ ला ¹ (उजवीकडच्या नंबरपॅडवरून). बाकीच्यांसाठी ही ओळच कॉपी करून ठेवा:

⁰ ¹ ² ³ ⁴ ⁵ ⁶ ⁷ ⁸ ⁹ ⁺ ⁻ ⁿ

यात एक मजेशीर इतिहास आहे. ¹ ² ³ हे तिघं युनिकोडच्या आधीपासून युरोपातल्या जुन्या अक्षरसंचात होते, चौरस मीटर, घनमीटर लिहायला लागायचे म्हणून. युनिकोड आलं तेव्हा बाकीचे आकडे २०७० नंबरपासून ओळीनं बसवले पण २०७२ आणि २०७३ या दोन जागा रिकाम्याच सोडल्या, कारण ² आणि ³ आधीच दुसरीकडं राहायला होते. त्याचा परिणाम तुम्हाला आजही दिसतो, कित्येक फॉन्टमध्ये ² आणि ⁴ शेजारी ठेवले तर उंची जाडी जुळत नाही, कारण दोघांची घरंच वेगळी.

आणि हो, पेपर पाठवायचा तर पीडीएफच करून पाठवायचा. हा नियमच करा.

ऊसकरी
मी शेती करतो, करवीर तालुक्यात ऊस हाय. धागा वाचला आणि लगेच गोठ्यातनं जिवाणू खताची बाटली काढून आणली. त्यावर लिवलंय दर मिलीला १ × १०८. मी तीन वर्षं हेच वाचतोय, मला वाटायचं १०८ म्हणजे १०८ जिवाणू. माळेत १०८ मणी असत्यात तसं. दुकानदाराला पण तसंच वाटतंय. तर हे १०⁸ हाय काय?

राजारामपुरी_७वी_गल्ली
होय काका, १०⁸ च. म्हणजे एका मिलीत दहा कोटी जिवाणू. खताच्या नियमांत द्रवरूप जिवाणू खताला साधारण तेवढीच संख्या मागितलेली असते. लेबल छापताना वरचा ८ खाली घसरलाय.

ऊसकरी
दहा कोटी कुठं आणि एकशे आठ कुठं! मग मी ती बाटली उन्हात ठिवायचो ते लई चुकीचं. १०८ म्हणून कायच वाटत नव्हतं, दहा कोटी जीव म्हटल्यावर आता सावलीत ठिवतो.

रंकाळा_संध्याकाळ
मला वाटलेलं हे फक्त पोरांच्या पेपरापुरतं असंल, पण वाचता वाचता अंगावर काटा आला, कारण आमच्या घरात हे घडलंय. सासूबाईंना ताप होता, डेंग्यूची शंका, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर आला. प्लेटलेटच्या पुढं लिहिलेलं २१० × १०३. मी कॅल्क्युलेटरवर मारलं, २१,६३०. एकवीस हजार! डेंग्यूत वीस हजाराच्या आसपास प्लेटलेट म्हणजे काय हे ज्यांनी घरात बघितलंय त्यांना कळंल. रात्री साडेदहाला रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं, नवरा पुण्याला, मी एकटी, सासूबाई मला धीर द्यायला लागल्या. डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली आणि शांतपणे म्हणाल्या, वहिनी हे दोन लाख दहा हजार आहेत, नॉर्मल आहे. १०³ म्हणजे हजार. वरचा तीन खाली आला होता एवढंच.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, लॅबवर पण नाही, पण इतका मोठा अर्थ इतक्या लहान आकड्यावर टांगलेला असतो आणि तो असा पडू शकतो हे मला त्या रात्रीपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत घातांक शिकले होते, मार्क पण चांगले होते.

फळा_आणि_खडू
वहिनी, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी वीस वर्षं गणित शिकवते, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी सवय कुठून आली ते. आपल्याकडं वर्ग, घन या कल्पना जुन्याच, पण लिहायची रीत वेगळी होती. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशीला यावत्तावत् म्हणत, त्याचं पहिलं अक्षर या. त्याचा वर्ग लिहायचा तर 'याव', घन लिहायचा तर 'याघ', चौथा घात म्हणजे वर्गाचा वर्ग म्हणून 'यावव'. दुसरी अव्यक्त राशी आली तर रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक, त्यांची का, नी, पी. म्हणजे घात अक्षराच्या डोक्यावर चढत नव्हता, मागं चालत यायचा. हे मुलांना सांगितलं की फार आवडतं त्यांना, कारण ते ओळखीचं वाटतं, वर्ग म्हणून व.

वर चढवलेला आकडा युरोपातून आला. १४८४ मध्ये शुके नावाच्या फ्रेंच माणसानं हस्तलिखितात संख्येच्या वर बारीक आकडा काढून घात दाखवला, शून्य आणि ऋण घातसुद्धा त्याला सुचले होते, पण ते हस्तलिखित छापून यायला १८८० साल उजाडलं, म्हणजे चारशे वर्षं. प्रत्यक्षात रूढ झाली ती देकार्तची पद्धत, १६३७ च्या त्याच्या भूमितीच्या पुस्तकातली, आज आपण लिहितो तीच. गंमत म्हणजे देकार्त घन आणि पुढचे घात वर आकडा देऊन लिहायचा पण वर्गासाठी बहुतेक वेळा अक्षर दोनदा लिहायचा, अअ असं. गाउससारखा मोठा गणितीही नंतर तेच करत राहिला. दोनदा लिहायलाही तेवढीच जागा लागते हा त्यांचा मुद्दा, आणि तो खोटा नाही.

आता मुलं कुठं अडकतात ते. −३² आणि (−३)² यातला फरक दहावीपर्यंत पुसला जात नाही. पहिल्याचं उत्तर −९, दुसऱ्याचं ९. वरचा आकडा फक्त त्याला लागून असलेल्या राशीचा असतो, आधीच्या वजा चिन्हाचा नसतो, कंस केला तरच चिन्ह आत येतं. वरती आणखी वरती असेल, म्हणजे दोनाच्या डोक्यावर तीन आणि तिनाच्या डोक्यावर दोन, तर वरून खाली यायचं: आधी ३² = ९, मग २⁹ = ५१२. खालून वर गेलात तर २³ = ८ आणि ८² = ६४. दोन्ही उत्तरं मुलं मोठ्या आत्मविश्वासानं देतात.

आणि कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक का, हे पाठ करून घेऊ नका हो शिक्षक मंडळी. १०³ म्हणजे १०००, १०² म्हणजे १००, १०¹ म्हणजे १०. प्रत्येक पायरीला दहानं भागतोय. पुढची पायरी १० भागिले १०, म्हणजे १०⁰ = १. आणखी एक पायरी उतरा, १०⁻¹ म्हणजे एक दशांश. जिना उतरावा तसं उतरायचं, मध्येच भिंत का असेल? (मूळ संख्या शून्य नको एवढंच.)

सगळ्यात फसवं चिन्ह मात्र वरचं −१. १०⁻¹ म्हणजे १ भागिले १०. पण साइन⁻¹ म्हणजे १ भागिले साइन नव्हे, उलट फल, म्हणजे कोन शोधणं. हे चिन्ह जॉन हर्शेलनं १८१३ मध्ये वापरात आणलं. आणि शेजारीच साइन² असेल तर तिथं मात्र साइनचा खरोखरचा वर्ग. एकाच जागेवर बसलेला आकडा दोन वेगळ्या भाषा बोलतो. अकरावीच्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते आणि तरीही वर्षभर सांगावं लागतं.

पेठेतलं_डीटीपी
मॅडम, जिन्याचं उदाहरण लई भारी. माझ्या पोरीला आत्ताच सांगितलं.

उद्यमनगर_लेथ
आमच्या शिवाजी उद्यमनगरात हे रोजचंच. ड्रॉइंगवर मापाच्या उजव्या बाजूला दोन बारके आकडे असत्यात, एक वर एक खाली, लिमिट म्हणतो आम्ही. समजा शाफ्ट २५ मिमी, वर −०.०२, खाली −०.०४. म्हणजे माप २४.९६ ते २४.९८ च्या मधे बसलं पाहिजे. पार्टीनं ड्रॉइंगऐवजी मेसेज टाकला, त्यात झालं २५ −०.०२ −०.०४. नवीन पोरानं वजाबाकी केली आणि शाफ्ट २४.९४ ला उतरवला. बारा नग बाद. शाफ्ट जाड राहिला तर परत लेथवर लावता येतोय, बारीक झाला की भंगारात. पोरगं हुशार होतं, त्याला दिसलं तसं त्यानं केलं, त्याचा पगार मी कापला नाही.

एक निरीक्षण सांगतो. एककाला चिकटलेला आकडा खाली पडला तरी चालतंय. सेमी३ लिवलं तरी कुणालाबी कळतंय घन सेंटिमीटर, कारण अक्षराला आकडा चिकटून दुसरा काय अर्थच होत नाही. पण आकड्याला चिकटलेला आकडा पडला की संपलं, तो खालच्या आकड्यात मिसळून जातोय आणि मागमूसच राहत नाही. १०३ बघून कुणाला शंका येणार?

कास्टिंगचं वजन काढताना पण तेच, २० × १५ × १० सेमीचा ठोकळा म्हणजे ३००० सेमी³, बिडाला घन सेंटिमीटरला साधारण ७.२ ग्रॅम धरायचं, २१.६ किलो. इथं सेमी² आणि सेमी³ ची गफलत झाली तर कोटेशनच झोपतंय.

ऊसकरी
लेथवाले भाऊ, तुमचं खरं हाय. आमच्यात गुंठा कसा आला ते पण सांगतो, तेहतीस फूट लांब तेहतीस फूट रुंद. म्हंजे ३३², १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६०. आमच्या आज्याला वर्ग शब्द माहीत नव्हता पण साखळी टाकून ३३ चा वर्ग रोज काढत होता.

पंचगंगा_घाट
पाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पावसाळ्यात आपण सगळे मोबाईलवर एकच बघत असतो, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, तेव्हा एका दरवाजातून सेकंदाला जवळजवळ ४० हजार लिटर पाणी. सात दरवाजे आहेत, गुणून बघा. आणि टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, १०³ × १०⁶ = १०⁹. घातांकांची बेरीज, मॅडम शिकवतात तीच. दहाचा नववा घात म्हणजे आपला अब्ज. राधानगरीची साठवण ८.३६ टीएमसी, म्हणजे सुमारे २३.७ कोटी घनमीटर.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा नावं दिलीत, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. परार्ध म्हणजे १०¹⁷. मला ते वाचताना नेहमी वाटतं की आपल्याकडं दहाच्या प्रत्येक घाताला बारसं करून नाव ठेवलं, आणि त्यांच्याकडं नाव न ठेवता डोक्यावर नंबर दिला. नावं सुंदर आहेत, पण खर्व आधी की निखर्व हे मला दर वेळी आठवावं लागतं, १०¹⁰ आणि १०¹¹ मध्ये तो प्रश्न येत नाही.

मोडीप्रेमी
मला एक खटकतंय. १० मराठीत आणि वरचा ³ इंग्रजी. हे का म्हणून सहन करायचं? देवनागरी बारके आकडे युनिकोडमध्ये का नाहीत?

राजारामपुरी_७वी_गल्ली
अगदी रास्त प्रश्न. साध्या उत्तरात सांगायचं तर युनिकोडवाल्यांचं म्हणणं असं की वर चढवणं हे मांडणीचं काम आहे, त्यासाठी प्रत्येक लिपीला वेगळी अक्षरं द्यायची नाहीत. इंग्रजी आकड्यांना मिळाली ती जुन्या संचांमुळं.

पण एक गोष्ट ऐकून तुम्हाला आनंद होईल. देवनागरी आकडे अक्षराच्या डोक्यावर बसवायची सोय युनिकोडमध्ये आहे, शून्य ते नऊ सगळे, २००९ च्या आवृत्तीत आले. कशासाठी? सामवेदासाठी. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांवर १, २, ३ असे आकडे लिहून स्वर दाखवतात. म्हणजे डोक्यावर आकडा ठेवायची कल्पना आपल्या लिपीला परकी मुळीच नाही, फक्त आपल्याकडं तो घात सांगत नव्हता, गळा कसा फिरवायचा ते सांगत होता. हे आकडे घातांकाला मात्र वापरता येत नाहीत, कारण ते आधीच्या अक्षराच्या बरोबर माथ्यावर बसतात, उजवीकडं सरकून नाही.

मोडीप्रेमी
हे माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद. तरी माझं मत तेच की पुस्तकात छापताना तरी वरचा आकडा मराठीच हवा, डीटीपीत मांडणी करून तो आणता येतोच.

पेठेतलं_डीटीपी
येतो की. छापील कामाला मी मराठीच घेतो. मोबाईलवर पाठवायचं असेल तर मात्र ³ च बरा, कारण तो पडत नाही. दिसायला विजोड चालेल, अर्थ बदललेला नाही चालणार.

राजारामपुरी_७वी_गल्ली
'पडत नाही' यावर थोडं सावध करतो. काही सॉफ्टवेअर मजकूर साफ करताना ² चं साधं 2 करून टाकतात, युनिकोडमध्येच तसा एक रूपांतराचा नियम आहे, शोधायला सोपं जावं म्हणून. तेव्हा जिथं खरंच जोखीम आहे, औषध, रिपोर्ट, पैसे, तिथं १०^३ असं टोपी घालून लिहा नाहीतर सरळ शब्दांत.

टोपीचं पण सांगतो. अमेरिकेत १९६३ साली कंप्यूटरच्या अक्षरांचा जो आस्की संच ठरला त्यात त्या जागी वर जाणारा बाण होता, पुढं त्याची टोपी झाली, म्हणून 'वर' हा अर्थ तिला चिकटला. पण सगळीकडं नाही. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत २^३ लिहिलं तर उत्तर १ येतं, कारण तिथं ती टोपी बिटांची वेगळीच क्रिया करते. पायथॉन या दुसऱ्या भाषेत घाताला दोन चांदण्या (**). आणि एक्सेलमध्ये बरोबर चिन्ह देऊन −२^२ मारा, ४ येतं, मॅडमच्या नियमानं −४ यायला हवं. २^३^२ ला एक्सेल ६४ म्हणतं, पायथॉन दोन चांदण्यांनी ५१२. तेव्हा कंस घाला, कंसाला पैसे पडत नाहीत. लॅटेक (गणिताचा मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी पण महिरपी कंस विसरू नये, नाहीतर २^१० मधला फक्त १ वर जातो आणि शून्य खाली लोंबकळतं.

तळटीप
मी पुस्तकांची प्रुफं तपासते. गणिताबाहेर हा वरचा आकडा सगळ्यात जास्त आमच्याकडं असतो, तळटिपेसाठी. आणि आमच्याकडं उलटी पंचाईत. एका लेखात वाक्य होतं, १९०२² साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. दोन क्रमांकाची तळटीप, पण दिसतंय १९०२ चा वर्ग. इतिहासाच्या वाचकाला कळेल, पण शोधयंत्राला आणि नुसतं ऐकणाऱ्याला नाही. म्हणून मी नियम केलाय, टिपेचा आकडा संख्येला कधीच चिकटवायचा नाही, 'साली' नंतर घ्या किंवा वाक्य संपल्यावर पूर्णविरामानंतर. आणि मजकुरात सूत्रं असतील तर टिपेला आकडा नकोच, चांदणी (*) द्या, कट्यार (†) द्या.

टोपीवरून आठवलं. तिला आपल्याकडं हंसपद म्हणतात आणि ती प्रुफात 'इथं काहीतरी राहिलंय' सांगते. पोथ्या उतरवणारे लेखनिक सुटलेलं अक्षर दाखवायला हेच वापरत. हंसपद ओळीत खाली आणि राहिलेला शब्द त्याच्यावर, बारीक अक्षरात. हातानं लिहिणाऱ्यांना वरच्या जागेची किंमत पहिल्यापासून माहीत होती.

अजून एक, भाषेचे अभ्यासक रोमन उच्चारलिपीत ख लिहायचा असेल तर क च्या अक्षरावर बारीक ह चढवतात, श्वासाचा झोत दाखवायला. आपल्याला ते लागत नाही, आपल्याकडं ख, घ, छ, थ अशी अख्खी अक्षरंच आहेत. आणि इंग्रजीत पहिला, दुसरा लिहिताना आकड्यापुढची अक्षरं वर चढवायची सवय आहे, वर्ड ती आपोआप चढवतं. मराठीत १ला, २रा, ४था हे सरळ ओळीतच लिहायचं. पत्रिकांमध्ये 'ला' वर चढवलेला बघते तेव्हा डोळ्याला टोचतं.

पेठेतलं_डीटीपी
ताई, तो 'ला' मी पण चढवत होतो. आजपासून बंद.

संवादिनी
मी पेटी शिकते, पहिल्यांदाच लिहितेय. तुमचं सामवेदाचं वाचून राहवलं नाही. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत तार सप्तकाला स्वराच्या डोक्यावर टिंब, मंद्राला खाली टिंब, आणि कणस्वर असला की मुख्य स्वराच्या वर डावीकडं तो बारीक लिहायचा. रे च्या वर बारका ग म्हणजे ग ला नुसता स्पर्श करून रे वर यायचं. वहीत छान लिहिता येतं. पण गुरुजींनी बंदिश मोबाईलवर टाइप करून पाठवली तर तो कण खाली येतो आणि दिसतं ग रे, दोन पूर्ण स्वर. वाजवलं की मात्रा वाढते, ताल चुकतो, आणि मुख्य म्हणजे रागाचा चेहराच जातो. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहून गायले त्या गावात कण हरवून कसं चालेल? आमच्या गुरुजींनी आता टाइप करणं सोडलंय, वहीच्या पानाचा फोटो पाठवतात.

उद्यमनगर_लेथ
ताई, आम्ही पण ड्रॉइंगचा फोटोच मागतो आता.

फळा_आणि_खडू
संवादिनी, मी पुढच्या वर्षी घातांकाच्या धड्याआधी तुमचा कणस्वर मुलांना सांगणार. आकारानं लहान, जागेनं वर, आणि काढून टाकला तर खालच्याचा अर्थच बदलतो. इतकं चांगलं उदाहरण मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

खगोल_छत
अंश राहिले की. कोल्हापूर १६°४२′ उत्तर, ७४°१४′ पूर्व. अंशाचं ते गोल चिन्ह म्हणजे वर चढवलेलं शून्यच, आणि पुढं एक रेघ म्हणजे पहिला बारीक भाग, मिनिट, दोन रेघा म्हणजे दुसरा बारीक भाग, सेकंद. साठाच्या भागाकाराच्या पायऱ्या मोजायची ती रीत. शून्यावी पायरी, पहिली पायरी, दुसरी पायरी. मॅडमचा जिनाच, फक्त दहाऐवजी साठानं उतरणारा.

पेठेतलं_डीटीपी
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो. काल बाईंना भेटून आलो. पेपर परत घेतला त्यांनी, यावेळी पीडीएफ दिली आणि पहिल्या प्रश्नाखाली कंसात शब्दांत पण घातलं, दोनाचा तिसरा घात गुणिले दोनाचा चौथा घात. त्या पोराला त्यांनी वर्गात उभं करून सांगितलं की तुझा गुणाकार बरोबर होता. मी तिथंच होतो. पोरगं लाजलं, पण हसलं. नव्या पेपरात त्यानं १२८ लिहिलंय.

दुकानात टेबलासमोर त्या बारक्या आकड्यांची ओळ छापून चिकटवलीय. रिपोर्ट, लेबल, प्रश्नपत्रिका यातलं काही आलं की आधी पार्टीला विचारतो, हा आकडा शेजारचा की वरचा.

ऊसकरी
मला मोबाईलवर ते वरचं कसं काढायचं ते सांगा कुणीतरी. खताच्या दुकानदाराला पाठवायचं हाय.

राजारामपुरी_७वी_गल्ली
काका, अँड्रॉइड असेल तर गुगलच्या कीबोर्डला इंग्रजी आकड्यांचं पान उघडा आणि २ दाबून धरा, वर ² दिसतो, ३ ला ³. नाहीच जमलं तर वर मी दिलेल्या ओळीतला ⁸ कॉपी करा.

ऊसकरी
बघतो. १ × १०⁸. आला का वर?

पेठेतलं_डीटीपी
आला काका.